गिफूची उकाई: कोणती बोट घ्यावी, कुठे बसावं

जपानमधल्या गिफू शहरात नागारा नदीवर माणसाळवलेल्या पाणकावळ्यांकडून रात्री मासे पकडून घेतात. हीच उकाई. हंगाम ११ मे ते १५ ऑक्टोबर. नदीला पूर आला किंवा पाणी फार गढूळ झालं, की फेरी रद्द होते, कारण पक्षी नजरेनं शिकार करतो. पावसाळी दिवसांत निघण्याआधी चौकशी कराच.

बोट निवडताना एकच गोष्ट पाहा: उशोचे, म्हणजे पक्षी चालवणाऱ्याचे, हात दिसतील का? खरी कला तिथे आहे. डाव्या मुठीत दहाएक दोऱ्या, आणि पक्षी एकमेकांखालून बुड्या मारत असताना उजव्या हातानं त्यांचा गुंता सतत सोडवत राहायचं. पक्ष्याच्या गळ्याभोवतीची दोरी सैल राहिली तर मोठा मासाही पोटात जातो, घट्ट झाली तर पक्षी गुदमरतो. बरोबर बसली की लहान मासे तो गिळतो आणि मोठा आयु मासा गळ्यात अडकतो. मग उशो पक्ष्याला नावेवर ओढून मासा काढून घेतो.

प्रेक्षकांच्या बोटी दोन तऱ्हांनी दाखवतात. एकीत तुमची बोट काठाला उभी असते आणि मासेमारीच्या नावा समोरून निघून जातात. दुसरीत तुमची बोट त्यांच्या बरोबरीनं वाहत जाते. दुसरीच घ्या, पहिलीत हात नीट दिसेपर्यंत नाव पुढे गेलेली असते. त्या दिवशी कोणती पद्धत आहे, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. बोटीत जागा कडेची मागा, मधल्या माणसाला समोरच्यांची डोकीच दिसतात.

नावेच्या टोकाशी लोखंडी टोपलीत पाइनची लाकडं जळतात. धूर आणि ठिणग्या येतात, तेव्हा सुती कपडे बरे. फ्लॅश बंद ठेवा, जाळाचा उजेड त्यानं मारला जातो. शेवटी मासेमारीच्या सहाही नावा आडव्या रांगेत येऊन मासे उथळ पाण्याकडे हाकतात. याला सोगारामी म्हणतात, आणि त्यासाठी मोबाईल खाली ठेवावा.

हा पक्षी आपल्या तळ्यांवरच्या छोट्या पाणकावळ्यापेक्षा बराच मोठा, समुद्रकाठचा जपानी पाणकावळा. जपानच्याच इबाराकी प्रांताच्या किनाऱ्यावर पकडून मग शिकवलेला. बोटीवरचं जेवण बहुधा माशांचंच असतं. शाकाहारी मंडळींनी किनाऱ्यावर खाऊन मगच चढावं.