तीन पायाचं, आंधळं की भेदरलेलं: गावात कोणतं कुत्रं आणावं

शेल्टरमधे ज्याला 'हे कोणी नेणार नाही' म्हणून मागच्या पिंजऱ्यात ठेवतात तसंच एखादं आणायचं तुमच्या मनात असेल तर लय बरं वाटलं. आमच्याकडे आर्वीकडच्या वावरात असे दोन आहेत, तीन पायाची राणी आणि भेदरलेला काळ्या. आणायच्या आधी मला वाटत होतं राणीचं सगळं करावं लागेल आणि काळ्या धडधाकट आहे तर तो आपोआप रुळेल, निघालं अगदी उलटं.

राणीचा मागचा पाय गाडीखाली गेला, नागपूरला कापला. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी ती बंडीमागे वावरात हजर. कुत्र्याचं जास्त वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून मागचा पाय गेलेलं लवकर सावरतं, पुढचा गेलेल्याला जरा जड जातं. एवढंच पाहायचं की वजन वाढू द्यायचं नाही, नाहीतर उरलेल्या पायांचे सांधे जातात. टाइल्सवर ती घसरते, शेणानं सारवलेल्या आंगणात मस्त पळते.

काळ्याचं वेगळं. 'चावरा' असा शिक्का होता त्याच्यावर, पण तो भीतीनं चावायचा आणि त्याला भीती काठीची, आता शेतकऱ्याच्या घरी काठी हातात नाही असा माणूस कुठून आणायचा! पहिले दोन महिने कोणी समोर असलं की खायचाच नाही. मग पोळ्याला डफडं वाजलं आणि हा पट्ट्यातून मान मागे ओढून पळाला, तिसऱ्या दिवशी नाल्याजवळ पऱ्हाटीत सापडला, ते तीन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. म्हणून सांगतो, असं कुत्रं आणलं तर गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही पाहिजे, सुरवातीला अंगाला हात लावायचा नाही, नजरेला नजर द्यायची नाही, रोज त्याच वेळी, त्याच जागी भाकर-दूध ठेवून पाठ करून बसायचं, लेकरांना आधीच समजावायचं. दीड वर्ष लागलं पण आता तो बाबांच्या बाजेखाली झोपतो आणि बाबांची काठी शेजारीच पडलेली असते.

चावरं म्हणजे कामातून गेलं असं नसतं. अमेरिकेत 2007 मधे मायकल विक नावाच्या फुटबॉल खेळाडूच्या जागेवरून झुंजीची पिट बुल कुत्री जप्त झाली, अशी कुत्री तेव्हा सरसकट मारून टाकायचे, त्यातली 22 युटामधल्या बेस्ट फ्रेंड्स संस्थेनं सांभाळली आणि पुढे त्यातली बरीच घरांमधे रुळली. पण तिथे शिकवणारी माणसं दिवसभर सोबत होती, आपल्याकडे पेरणीच्या दिवसात कोण बसणार ते आधी ठरवा.

आंधळं कुत्रं वासावर आणि सवयीवर छान चालतं, बाज-माठ जागचे हलवू नका म्हणजे झालं. पण घराजवळ बिनकठड्याची विहीर असेल किंवा शेजारच्या धुऱ्यावर रानडुकरांसाठी झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी तार असेल तर माझं स्पष्ट मत आहे, नका आणू, आधी कठडा बांधा. मागून लुळं झालेलं तर त्याहून कठीण, बऱ्याच जणांची लघवी दिवसातून तीन-चार वेळा पोट दाबून काढावी लागते, नाही काढली तर इन्फेक्शन होतं. घरात कायम एक माणूस असेल तरच.

आणि एक प्रकार लोक उगाच सोडून देतात, लघवीच्या जागी रक्त गळणारी गाठ असलेलं. 'कॅन्सर आहे' ऐकून सगळे मागे सरतात, पण रस्त्यावरच्या कुत्र्यांमधे ती बऱ्याचदा समागमातून पसरणारी टीव्हीटीची गाठ असते, व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्याला एक अशी साधारण चार ते सहा दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. डॉक्टरकडून तपासून घ्या आणि हे बिनधास्त आणा.

पहिल्यांदाच आणत असाल तर तीन पायाचं घ्या. भेदरलेलं घ्यायचं असेल तर घरात एक शांत माणूस आणि वर्षभराचा धीर पाहिजे. कोणतंही आणा, रेबीजची लस आधी, आणि चुकून दात लागलाच तर जखम 15 मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवून सरळ सरकारी दवाखाना गाठा. आणायची वेळ म्हणाल तर संक्रांतीच्या आसपास, दिवाळीचे फटाके संपलेले असतात आणि 45 डिग्रीचा मे यायच्या आत त्याला घरातली थंड जागा सापडलेली असते.