ट्रकच्या मागचा काढता-घालता डस्ट लाइट: वाळवंटातल्या एका मोसमानंतर

दक्षिण कॅलिफोर्नियात ऑक्टोबर उजाडला की आमच्या मराठी मंडळींत वाळवंटातल्या सहलींचे बेत सुरू होतात, आणि नवा ट्रक घेतलेलं कुणीतरी विचारतंच, "मागचा तो पिवळा दिवा खरंच लागतो का?" माझ्या टोयोटा टॅकोमा पिकअपवर तो गेला अख्खा मोसम आहे. मोहावी रोड, जॉन्सन व्हॅली, ओकोटिलो वेल्स, डेथ व्हॅलीत रेसट्रॅककडे जाणारा रस्ता, सगळीकडे वापरून झाला. ताफ्यात तुमच्या मागे कुणी येणार असेल तर लागतो. आणि बसवायचाच तर काढता येईल असा बसवा.

आधी तो कशासाठी असतो ते. कच्च्या रस्त्यावर ट्रक जरा वेगात गेला की त्याच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ तिथे ओढली जाते. ती टेलगेटच्या, म्हणजे ट्रकच्या मागच्या फळीच्या, मागेच घोळत राहते, आणि कंपनीचे लाल टेललाइट नेमके त्याच उंचीवर असतात. वारा पडलेला असेल तर मागच्याला दहा गाड्यांच्या अंतरावरूनही पुढचा ट्रक दिसत नाही. पुढचा थांबला तर मागच्याला ते फार उशिरा कळतं. युरोपात गाड्यांना मागे लाल फॉग लाइट सक्तीचा आहे, अमेरिकेत नाही, त्यामुळे इथल्या टॅकोमाला तसलं काही येत नाही. वाळवंटातल्या शर्यतींवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. 1967 पासून चालत आलेल्या मेक्सिकोतल्या बाहा 1000 शर्यतीच्या गाड्या बघा, मागे उंचावर अंबर, म्हणजे नारिंगी-पिवळा, दिवा असतोच.

अंबरच का, यावर एक समज पक्का बसलाय: हा रंग धूळ भेदून जातो. तसं नाही. हवेत उडणारे धुळीचे बहुतेक कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, आणि इतके मोठे कण सगळ्या रंगांना जवळपास सारखेच विखुरतात. अंबरचा फायदा वेगळा आहे. उजेडात आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वांत जास्त दाद देतो. 590 च्या अंबरला त्याच्या तीन-चतुर्थांश, आणि 630 च्या लालला जेमतेम पाव. तेवढ्याच ताकदीचा दिवा अंबर असला की जास्त ठळक दिसतो तो यामुळे. दुसरं म्हणजे लाल रंगाला आधीच अर्थ आहे: ब्रेक. मागे सतत जळणारा जोरदार लाल दिवा लावलात तर तुम्ही खरोखर ब्रेक मारल्याचं मागच्याला कळणार कसं? हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आता बसवण्याबद्दल. रिजिड, बाहा डिझाइन्स वगैरेंचे लांब चेस बार, म्हणजे मागे लावायच्या दिव्यांच्या पट्ट्या, मिळतात, चांगले असतात, पण ते एकदा बसवले की बसवले. मला दिवा उतरवता यायला हवा होता. ऑफिसच्या पार्किंगची कमान बुटकी आहे, मोटेलबाहेर रात्रभर ट्रक उभा असतो, आणि शिवाय कायदा आहे. कॅलिफोर्नियात मागून दिसणारा प्रकाश लालच असावा लागतो, पिवळ्याची सवलत इंडिकेटरसारख्या मोजक्या दिव्यांना. दिवा ट्रकवर नसला की हायवेवर चुकून चालू राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

पहिला पर्याय लोहचुंबकाचा, सगळे तोच सुचवतात. टॅकोमाचा बेड (मागचा सामानाचा हौदा) कंपोझिटचा, त्यावरचा माझा बेड रॅक अॅल्युमिनियमचा, म्हणजे चुंबक चिकटणार तो केबिनच्या छताला किंवा टेलगेटला. त्यात आणखी अडचण अशी की डब्यावर छापलेली ताकद सरळ ओढण्याची असते. वॉशबोर्ड, म्हणजे आडव्या लाटा पडलेल्या, रस्त्यावर चुंबकाला आडवे धक्के बसतात, आणि आडव्या दिशेला तो त्याच्या अर्धाही जोर धरत नाही. शिवाय वाळवंटाच्या वाळूत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. एका मित्राचा चुंबकी दिवा संध्याकाळी उतरवला तेव्हा त्याच्या बुडाला काळी मिशी उगवली होती आणि छताच्या रंगावर बारीक गोल चरे पडले होते. रबरी आवरणाचा चुंबक असूनही. चुंबक तात्पुरत्या कामाला ठीक आहे, दिवसभराच्या वॉशबोर्डला नाही.

मी बेड रॅकच्या सगळ्यात मागच्या आडव्या पट्टीवर पाव इंच जाडीची अॅल्युमिनियमची एक प्लेट कायमची बसवली. दिव्याचा ब्रॅकेट त्या प्लेटच्या खाचेत वरून सरकतो आणि आडव्या बॉल-लॉक पिनने अडकतो. पिनेच्या डोक्यावरचं बटण दाबलं की टोकाचे दोन छर्रे आत जातात आणि पिन सुटते. हातमोजे घालूनही जमतं. फिरवून आवळायच्या नॉबपेक्षा हे कितीतरी बरं, कारण नॉब कंपनांनी ढिले होतात आणि ढिले झाल्याचं तुम्हाला दिसत नाही. पिन एक तर आत असते नाही तर बाहेर. खाचेत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय, नाहीतर खडखड डोकं उठवते. बोल्ट स्टेनलेसचे आहेत, त्यांना अँटी-सीझ (बोल्ट चिकटू न देणारं वंगण) लावा. आम्ही समुद्राजवळ राहतो, आणि अॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस खाऱ्या हवेत असा चिकटतो की नंतर ग्राइंडरच काढावा लागतो.

उंची जमिनीपासून साधारण सहा फूट, म्हणजे छताच्या रेषेत. सगळा खेळ या उंचीचा आहे. धूळ खाली दाट आणि वर विरळ असते, आणि टेलगेटमागचा तो घोळ वरपर्यंत पूर्ण पोचत नाही. काचेवरही फरक दिसतो. दुपारी थांबलो तेव्हा टेललाइटवर मैद्यासारखा थर होता, बोटाने नाव लिहावं इतका, आणि वरच्या दिव्याची काच फक्त धुरकट झाली होती. ओल्या फडक्याने टिपायची. कोरड्याने घासलीत तर चरे पडतात. दिवा सगळ्यात मागे असल्याने त्याचा उजेड बेडमधल्या सामानावर पडून आरशात येत नाही, हेही बघून घ्या.

वायरिंग सोपं आहे. माझा दिवा 20 वॅटचा, म्हणजे दीड अँपिअरच्या आसपास. त्याला 5 अँपिअरचा फ्यूज आणि 16 गेजची वायर रग्गड. स्विच मात्र स्वतंत्र ठेवा, रिव्हर्स लाइटला जोडू नका, कारण हा दिवा पुढे जाताना लागतो. रोज काढा-घालायच्या गोष्टीत कनेक्टर हाच कच्चा दुवा. मी डॉइचचा दोन पिनांचा कनेक्टर घेतला. ट्रककडच्या बाजूला सॉकेट आणि दिव्याकडे पिना, म्हणजे दिवा काढल्यावर वीज असलेलं टोक उघडं पडत नाही. तोंडाला टोपण हवंच. मूळ टोपणाचं रबर उन्हाने तडकलं, आता सिलिकॉनचं लावलंय. बारीक धूळ कनेक्टरमध्ये शिरली की लॉक नीट बसत नाही, म्हणून खिशात एक जुना टूथब्रश असतो.

आमचा क्रम ठरून गेलाय. डांबर संपलं की टायरची हवा 35 वरून 20 पीएसआयच्या आसपास आणायला सगळे थांबतात, त्या वेळात मी दिवा चढवतो. परतताना हवा भरायला थांबलो की उतरवतो. मुलंही आता बजावतात, "बाबा, पिवळा दिवा!"

कामगिरीचं म्हणाल तर ती वेळेनुसार बदलते, आणि ती मागच्या गाडीत बसूनच तपासायची. मी जॉन्सन व्हॅलीतल्या मीन्स ड्राय लेक या कोरड्या तळ्याच्या एका फेरीत मित्राला ट्रक चालवायला दिला आणि स्वतः मागे राहिलो. तिथली धूळ म्हणजे उडाली की खाली बसायचं नाव घेत नाही. टेललाइट पार गेले तरी वरचा अंबर ठिपका टिकला, आणि वळणावर तो डावीकडे सरकला तशी रस्त्याची दिशाही कळली. रात्री तर याला तोड नाही, फक्त मागच्याने आपले हेडलाइट लो बीमवर ठेवले पाहिजेत. हाय बीम धुळीवर पडून पांढरी भिंत उभी करतो आणि त्यात कुठलाच दिवा दिसत नाही. भर दुपारी फायदा निम्मा. सर्वांत वाईट वेळ म्हणजे सूर्यास्ताला पश्चिमेकडे जाताना. समोरचा सूर्य आख्खी धूळ पेटवतो, 20 वॅट त्यापुढे काहीच नाहीत. तेव्हा आम्ही सरळ अंतर वाढवतो आणि प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबतो. रेडिओवर मागून आवाज येतो, "दादा, तू दिसत नाहीयेस, मी मागेच राहतो," आणि तेच बरोबर असतं.

तरीही जास्त वॅटच्या मागे लागू नका असं मी सगळ्यांना सांगतो. मित्राचा 40 वॅटचा स्पॉट बीम धूळ कमी असताना डोळ्यांत घुसतो, त्याच्या मागे अर्धा तास चालवलं की कपाळ दुखतं. रुंद पसरणारा, मंद करता येणारा दिवा घ्या. माझ्या दिव्याची तक्रार एकच: मंद केला की हॅम रेडिओवर बारीक खरखर येते. वायरीवर फेराइटचा चिमटा लावल्यावर ती बरीच कमी झाली, गेली नाही. लुकलुकणारे मोड मला अजिबात पसंत नाहीत. धुळीत लुकलुकणाऱ्या दिव्याचं अंतर डोळ्याला ठरवता येत नाही.

दिवा, प्लेट, पिन, वायर, कनेक्टर सगळं मिळून दोनशे डॉलरच्या आसपास गेले. प्लेट ऑनलाइन लेझरने कापून घेतली, बाकी काम घरच्या गॅरेजमध्ये. नेहमी सगळ्यात शेवटी चालत असाल किंवा एकट्यानेच फिरत असाल तर हा खर्च करू नका, त्या पैशांत चांगला कॉम्प्रेसर घ्या. आमच्या ताफ्यातल्या आणखी दोन ट्रकांवर आता तीच खाच आणि तोच कनेक्टर बसवलाय. ताफ्याचा क्रम बदलला की दिवा एका रॅकवरून दुसऱ्यावर जातो. या मोसमात दुसरा दिवा घेणार आहोत, म्हणजे पहिल्या दोन्ही ट्रकांवर एकेक राहील आणि शेवटचा मोकळा.