साजातल्या तीन पानड्या हातावर : टॅटू मुरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आधी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर टॅटू काढून घेतला. आता वळीव पडून गेलाय, पावसाळा तोंडावर आलाय. ताज्या टॅटूचे फोटो सगळेच टाकतात. जखम भरून शाई कातडीत मुरल्यावर तो कसा दिसतो ते कुणी दाखवत नाही, म्हणून हे लिहितेय.

डिझाइन आधी सांगते. कोल्हापुरी साज म्हणजे गळ्यातला सोन्याचा दागिना, त्यात 21 पानड्या, म्हणजे नक्षीची छोटी पदकं असतात. दहा दशावताराच्या, आठ अष्टमंगलाच्या, एक माणिक, एक पाचू आणि मधला ताईत. आईचा साज 2019 च्या महापुरानंतर विकला. शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ घर, पाणी ओसरल्यावर भिंतींचं प्लास्टरसुद्धा हाताला येत होतं. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, सोनाराने पानड्या तापवून आतली लाख काढली आणि वजन केलं, तेव्हा काटा बघून आई काहीच बोलली नाही. त्या साजातला मासा, कासव आणि कारलं, एवढंच मी हातावर घेतलं. मासा आणि कासव हे पहिले दोन अवतार, दोघंही पाण्यातले. कारलं मात्र केवळ आईला आवडायचं म्हणून.

लग्नाच्या फोटोत साज आहे, पण पानड्या ओळखू येत नाहीत. मग गुजरीतल्याच एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. त्याच्याकडे जुने ठसे होते. पातळ पत्र्यावर त्याने तिन्ही पानड्या उठवून दिल्या, पैसे घेतले नाहीत, वर ‘हे असलं कातड्यावर कशाला?’ म्हणून झापलं. तो पत्रा समोर ठेवून टॅटूवाल्या पोराने चित्र काढलं. इंटरनेटवरचं डिझाइन दाखवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण ठशात मुळातच रेषा कमी आणि ठळक असतात.

सुई लावण्याआधी त्याने विचारलं, ‘ताई, भरतीबिरतीला जाणार न्हाईसा न्हवं?’ मला हसू आलं, पण कोल्हापुरात हा प्रश्न रास्त आहे. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचा टॅटू चालतो. दंडावर वाघ काढून बसलेल्या पोरांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

आता मुरल्यावरचं. पहिले काही दिवस टॅटूवर चिकटणारी पारदर्शक फिल्म लावली होती, तिच्याखाली शाई आणि पाणी साचून हात भयानक दिसतो, घाबरू नका. नंतर खपली धरते, मग खाज. खाजवायचं नाही, खपली सोलायची नाही, हळद लावायची नाही (आजूबाजूच्या प्रत्येक बाईने मला हळद सुचवली). सालं निघून गेल्यावर खालचा टॅटू धुरकट दिसतो. वरची कातडी नवीन येत राहते, शाई तिच्याखालच्या थरात असते, त्यामुळे काही आठवड्यांनी चित्र पुन्हा उघडं पडतं.

माशाचे खवले मात्र बिघडले. खवल्यांमध्ये जागाच ठेवली नव्हती. प्रत्येक रेषा मुरताना किंचित फुगते, त्यामुळे शेपटीजवळचे खवले एकमेकांत मिसळून करडा पट्टा झालाय. काढताना पोराने ‘लई भारी बसतंय’ म्हणून सांगितलं होतं. कासव चांगलं आहे, पाठीवरचे चौकोन मोठे असल्याने सुटे राहिले. सगळ्यात उत्तम कारलं. त्याचे काटे नुसत्या ठिपक्यांनी काढलेत, एकही ठिपका पसरला नाही.

हे बघून आजीचा हात आठवला. तिच्या हातावर तुळस गोंदली होती, नुसते ठिपके आणि चार सरळ रेषा. रंग हिरवट निळा झाला होता, कारण काळी शाई कातडीखालून तशीच दिसते, पण तुळस शेवटपर्यंत वाचता यायची. गोंदणाऱ्या बायकांकडे मशीन नव्हतं, सुया होत्या आणि काजळी होती. जागा किती सोडायची ते मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उलट माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा एक पोरगा मनगटावर रुपयाएवढ्या गोलात राजमुद्रा मागत होता. त्यातला श्लोक 32 अक्षरांचा, त्यात ‘वर्धिष्णुर्विश्व’सारखी जोडाक्षरं. एवढ्या जागेत रफार, अनुस्वार सगळं शिरोरेषेला चिकटणार. भावना खरी असेल, पण मग छातीवर किंवा पाठीवर मोठी काढावी.

उन्हाचं सांभाळा. रोज गाडीवर ऑफिसला जाते. आतली बाजू असूनही हँडल धरल्यावर कड उन्हात येते, आणि त्या कडेची रेषा जरा फिकी पडली आहे. आता सनस्क्रीन लावते, नाहीतर सरळ लांब बाह्यांचा शर्ट घालते.

एक गोष्ट स्टुडिओत सांगितली नाही. टॅटूनंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही. शाहू जयंतीला आमच्या गल्लीत शिबिर असतं, दरवर्षी मी देते. यंदा नाही.

अर्थाचं म्हणाल, तर लोक माशाकडे बघून ‘मीन रास का?’ विचारतात. कारल्याला मिरची, भेंडी, एकीने तर सुरवंट म्हटलं. आधी मी साजाची गोष्ट सगळ्यांना सांगायचे, आता ‘हो, मीन’ म्हणून सोडून देते. आईने मात्र चष्मा काढून नीट बघितलं आणि म्हणाली, ‘सोन्याचं गेलं, आता शाईचं मिरीव.’ त्यानंतर तिने कासवाचे पाय मोजले आणि साजातल्या कासवाची मान जास्त बाहेर होती, असंही सुनावलं.

टच-अप एकदा फुकट आहे. पावसाळ्यात जखम ओली ठेवायची नाही, म्हणून दसऱ्यानंतर जाणार. खवले पुन्हा भरून घ्यायचे नाहीत, भरले तर पट्टा आणखी गडद होईल. शेपटीची बाहेरची कड तेवढी ठळक करून घेणार, आणि कासवाची मान आईला विचारून.