गोधडी एकत्र बसून शिवायची की तुकडे घरून मागवायचे?
एलजीबीटी इतिहासाची गोधडी करायचीय तर दोन रस्ते आहेत, एकतर प्रत्येकाने ठरलेल्या मापाचा तुकडा घरून शिवून पाठवायचा नाहीतर सगळ्यांनी एकाच गोधडीभोवती बसायचं.

पहिल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला एड्स मेमोरियल क्विल्ट, एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत शिवलेली गोधडी. समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या क्लीव्ह जोन्सने तो सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केला, प्रत्येक पॅनल 3 बाय 6 फूट म्हणजे साधारण कबरीएवढं, असे आठ जोडून 12 फुटी चौरस ब्लॉक. 11 ऑक्टोबर 1987ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर अंथरला तेव्हा 1,920 पॅनल्स होते, आज जवळपास 50,000 आहेत, माप फिक्स होतं म्हणूनच तो वाढत राहिला ना! शिवाय आपल्याकडे कितीतरी जण घरी आउट नाहीत म्हणजे आपण एलजीबीटी आहोत हे घरी सांगितलेलं नाही, त्यांना नाव न सांगता तुकडा पाठवता येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एकत्र बसण्यात मजा वेगळीच. जुन्या साड्या-लुगड्यांचे थर अंथरायचे, धावदोरा घालत जायचं, शिवण न येणाराही शेजारच्याचं बघून शिकतो. आणि हात चालू असले की मोठी मंडळी आपोआप बोलायला लागतात, 1990चं बॉम्बे दोस्त हे एलजीबीटी नियतकालिक, 1999चा कोलकात्याचा फ्रेंडशिप वॉक म्हणजे तिथली प्राइड मिरवणूक, 6 सप्टेंबर 2018ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा कलम 377चा निकाल आला तेव्हा कोण कुठे होतं. फक्त जागा नि वेळ खूप लागतो.

मी म्हणेन चौकोन घरी करा, जोडणी आणि धावदोरा मात्र एकत्र बसूनच. कापड सुतीच घ्या, आधी धुवा नाहीतर रंग उतरतो, आणि चारही बाजूंनी शिलाईला अर्धा इंच जास्त सोडा.