तोरणा की राजगड? एकच दिवस हाताशी असेल तर

पुण्याहून सातारा रस्त्याने निघून नसरापूरला आत वळलं की मार्गासनीपर्यंत दोन्ही गडांचा रस्ता एकच. पुढे सरळ वेल्ह्याला गेलं की तोरणा, साखरकडे वळलं की गुंजवणे आणि राजगड. पण ठरवायचं ते घरूनच ठरवून निघा, कारण दोन्हीकडची तयारी वेगळी.

शिखर गाठून चारी दिशा बघायच्या, एवढीच इच्छा असेल तर मी तोरणाच सुचवेन. १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. वेल्ह्यातून अडीच-तीन तासांची चढण आहे आणि ती दमवते. सोंडेवरून जाणारी वाट बहुतेक उघडी आहे. बिनी दरवाज्याच्या अलीकडे कातळात रेलिंग धरून चढावं लागतं. वर मेंगाई देवीच्या मंदिरापाशी दम खाल्ला की झुंजार आणि बुधला या माच्या, म्हणजे सोंडेवरचे तटबंदी घातलेले भाग, आरामात बघून होतात. हवा स्वच्छ असेल तर राजगड समोर, पलीकडे सिंहगड, आणि कोकणच्या बाजूला लिंगाणा, रायगडही ओळखू येतात. संध्याकाळी उतरताना काही राहून गेलं असं वाटत नाही.

राजगडाचं नेमकं उलट. गुंजवण्यातून चोर दरवाज्याने दोन-अडीच तासांत पद्मावती माचीवर पोहोचता, पण खरा गड तिथून पुढे सुरू होतो. सुवेळा आणि संजीवनी या माच्या, माथ्यावरचा बालेकिल्ला हे सगळं एका दिवसात करायला गेलात तर नुसती पळापळ होते. स्वराज्याची पंचवीसेक वर्षांची राजधानी अशी उरकायची नसते. म्हणून एकच काहीतरी निवडा. माझं मत संजीवनीला. तिथल्या दुहेरी तटबंदीच्या मधल्या अरुंद बोळात उतरून बाहेरचा आणि आतला बुरूज हाताने चाचपून बघा; बाहेरची भिंत पडली तरी शत्रू आतल्या भिंतीशी अडावा, ही योजना तिथे उभं राहिल्यावरच कळते. रविवारी बालेकिल्ल्याच्या कातळपायऱ्यांवर चढणारे-उतरणारे समोरासमोर अडकतात, त्यात तास जातो.

सोबत घरची मंडळी, लहान मुलं असतील तर राजगडच, आणि तोही पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी. शनिवार-रविवारी वर ताक, पिठलं-भाकरी मिळते. तोरण्याला मात्र माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्या.

जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हीकडे ढगच ढग. दृश्यासाठी जाणाऱ्याने तेव्हा जाऊच नये. झुंजार माचीची उतरण तर ओल्या कातळावर कोणीही करू नये. सप्टेंबरअखेरीस सोनकी फुललेली असते, तेव्हा तोरणा गाठा. मार्चनंतर जायचंच असेल तर राजगड धरा, गुंजवण्याच्या वाटेवर थोडी झाडी तरी आहे, आणि उजाडायच्या आत चढायला लागा.