सोलापुरात एचडी टीव्ही: केबल, छत्री की फायबर? तिन्ही वापरून झाल्यानंतर

कुठला टीव्ही घ्यावा यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. त्या टीव्हीपर्यंत चित्र कुठून आणायचं आणि कुठल्या तारेनं आणायचं, यावर मराठीत फारसं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे ४३ इंची फुल एचडी टीव्ही आहे. घर जुळे सोलापुरात, विजापूर रोडपासून थोडं आत, दुमजली. या एकाच टीव्हीवर गल्लीतली केबल, गच्चीवरची छत्री (डिश अँटेना) आणि फायबर इंटरनेट अशा तिन्ही वाटांनी चित्र आणलं. उन्हाळा झाला, सप्टेंबरचा पाऊस झाला, गड्डाही (संक्रांतीतली सिद्धेश्वरांची यात्रा) झाला. आता ठामपणे बोलता येईल.

मत आधीच सांगते. छत्रीची एचडी जोडणी मुख्य ठेवावी, फायबर तिच्या जोडीला असावं, आणि टीव्हीवर दहा हजार जास्त घालण्याऐवजी त्यातले हजार-दीड हजार छत्री नीट बसवण्यावर आणि चांगल्या वायरवर घालावेत. चित्र वाटेत जिथे अडतं तिथेच ते खराब होतं, पुढे कितीही महागडा पडदा लावा.

आमच्या घरात कोण काय बघतं, हे इथे महत्त्वाचं आहे. सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्यांच्या संध्याकाळच्या मालिका कन्नड. मी आणि जाऊबाई मराठी बघतो. मुलाला क्रिकेट. शेजारच्या काकू तेलुगू सिनेमाला हमखास येतात. सोलापुरात हे नवल नाही, पण जोडणी निवडताना याच गोष्टीनं माझा निर्णय झाला. एकाच पुरवठादाराकडे मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही भाषांच्या वाहिन्या एचडीत मिळणं, ही खरी परीक्षा. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी एचडीत आहेत, तशाच कन्नड आणि तेलुगूतल्या मोठ्या वाहिन्याही आहेत. पण त्या अस्तित्वात असणं वेगळं आणि तुमच्या बॉक्सवर येणं वेगळं. जोडणी घेण्याआधी आपल्या घरातल्या वाहिन्यांची यादी कागदावर काढा, प्रत्येकीपुढे ‘एचडी’ लिहा आणि ती यादी समोर ठेवून विचारा.

आधी केबल. सोलापूर शहरात केबल डिजिटल होण्याची मुदत दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ ला होती. म्हणजे घरोघरी बॉक्स येऊन बराच काळ लोटला. तरीही कितीतरी घरांत नव्या एलईडी टीव्हीला जुनाच बॉक्स, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरीनं जोडलेला दिसतो. त्या पिवळ्या पिनेतून एचडी कधीच येणार नाही. ती वायर फार तर ५७६ ओळींचं चित्र नेते, फुल एचडीला १०८० लागतात. आमच्याकडेही बॉक्स लावायला आलेला मुलगा तीच वायर खोचत होता. म्हटलं, “दादा, एचडीएमआय वायर लावा.” तर म्हणाला, “ताई, दिसतंय की व्यवस्थित!” दिसत होतंच. पण चेहरे मेणाचे, क्रिकेटच्या मैदानावर गवत नाही नुसता हिरवा रंग, आणि खाली सरकणाऱ्या बातम्यांची अक्षरं कडेला फुटलेली.

मग वेगळा एचडी बॉक्स मागवला. फरक पडला, पण मला हवा तेवढा नाही. केबलवाल्याकडे चित्र उपग्रहावरूनच येतं. तिथून ते गावभर पाठवताना बऱ्याचदा पुन्हा दाबून लहान केलं जातं. कोपऱ्यात ‘एचडी’ लिहिलेलं असतं, ओळीही १०८० असतात, पण प्रत्येक सेकंदाला येणारी माहिती कमी असते. स्थिर चित्रात हे कळत नाही. चेंडूमागे कॅमेरा पळाला, लग्नाच्या प्रसंगात फुलं उधळली, की चौकोनी ठोकळे दिसतात. शिवाय आमच्या भागात कन्नड एचडी वाहिन्या अपुऱ्या होत्या.

केबलची दुसरी अडचण विजेची. गल्लीत खांबावर सिग्नल वाढवणारं जे यंत्र असतं, त्यालाही वीज लागते. आपल्या घरी इन्व्हर्टर असला तरी त्या यंत्राची वीज गेली की चित्र गेलं. उलट पावसात केबल हलत नाही, आणि संध्याकाळी फोन केला तर माणूस सायकलवर येऊन बघून जातो, हे मान्य करायलाच हवं. गड्ड्याच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक स्थानिक वाहिनीवर लागते. सासूबाईंचे पाय दुखतात, त्यांना गर्दीत नेता येत नाही; त्यांनी अक्षता सोहळा तसाच पाहिला. हे सुख छत्रीवर नाही.

छत्रीबद्दल मात्र जरा तपशिलात लिहिते, कारण यात बसवणाऱ्याच्या हातावर सगळं आहे.

हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात, म्हणून आपल्याकडून छत्रीचं तोंड दक्षिणेच्या बाजूला असतं. पण नेमकी दिशा कंपनीवर ठरते. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सोलापुरातून तो जवळजवळ बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. टाटा प्ले ८३ अंशांवर, म्हणजे दक्षिणेकडून थोडं पूर्वेला आणि आणखी उंच. एअरटेल १०८.२ अंशांवर, तो बराच पूर्वेकडे आणि ५० अंशांच्याही खाली. याचा उपयोग असा, की तुमच्या गच्चीवरून पूर्वेला शेजारच्याची उंच भिंत किंवा मोठा कडुलिंब असेल, तर खाली असलेला उपग्रह अडचणीचा आणि उंच असलेला सोयीचा. जुळे सोलापुरात रिकामे प्लॉट भराभर बांधले जातायत. आज मोकळी असलेली बाजू दोन वर्षांनी मोकळी राहील का, याचा विचार करून जागा ठरवा. झाडाचं तर उन्हाळ्यात कळतही नाही. पावसानंतर पालवी दाटली की सिग्नल उतरतो.

छत्री पत्र्यावर किंवा लोखंडी जिन्याच्या कठड्यावर लावू देऊ नका. वळिवाच्या वाऱ्यात पत्रा थरथरतो आणि छत्री एक-दोन अंश जरी हलली तरी चित्र जातं. काँक्रीटमध्ये चार बोल्ट, खांब ओळंब्यात सरळ. बसवून झालं की लगेच माणसाला सोडू नका. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक जोर आणि एक गुणवत्ता. बहुतेक जण जोराची पट्टी दाखवून निघतात. बघायची असते ती गुणवत्तेची. कोरड्या, निरभ्र दिवशी ती जितकी वर नेता येईल तितकी न्यायची, कारण पावसात तिथूनच ती उतरत जाणार आहे. आमच्याकडे आलेल्या माणसानं माझ्या आग्रहापोटी नट सैल करून अगदी केसभर सरकवत पट्टी वर नेली. तो अर्धा तास पुढचं सगळं वर्ष कामाला आला.

पावसाचं म्हणाल तर हा सिग्नल ११-१२ गिगाहर्ट्झचा. त्याची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे जोराच्या पावसाचे थेंब तो शोषतात आणि विखुरतात. सोलापुरात पाऊस मुळात कमी, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. रिमझिम पावसात आमचं चित्र कधी गेलं नाही. आग्नेयेकडून काळंकुट्ट आभाळ चालून आलं की जातं, आणि ती सर सरकली की आपोआप परत येतं. अशा वेळी बॉक्स बंद-चालू करत बसू नये, वायरी तर मुळीच काढू नयेत. साध्या सरीतही चित्र जात असेल तर दोष छत्रीच्या दिशेत किंवा जोडात आहे असं समजा.

जोडाविषयी तर मला कळकळीनं सांगायचंय. छत्रीपासून बॉक्सपर्यंत आरजी-६ वायर लागते, ७५ ओहमची, आणि ती शक्यतो एकसंध असावी. मध्ये जोड दिला की तिथे पाणी शिरतं. टोकाला दाबून घट्ट बसवलेला पक्का कनेक्टर हवा, वर रबराचं टोपण आणि चांगली टेप. एलएनबीखाली (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा डबा) वायरीला छोटा झोल द्यायचा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत कनेक्टरात जाण्याऐवजी झोलातून खाली पडतं. आपल्याकडचं ऊन असं की साधी काळी टेप एका उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते; मे महिन्यानंतर आणि पावसाआधी गच्चीवर जाऊन तेवढं बघून घ्यावं. दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी केबलचा साधा स्प्लिटर इथे चालत नाही. बॉक्स वायरीतूनच एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून उभे की आडवे सिग्नल हवेत ते सांगतो. दोन बॉक्स दोन वेगळ्या गोष्टी मागायला लागले की गोंधळ होतो. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी आणि स्वतंत्र दुसरी वायर लागते.

बॉक्स आणि टीव्हीमध्ये एचडीएमआय. नव्या पेठेतून साधी, धड बांधणीची दीड-दोन मीटरची वायर घ्या. सोन्याचा मुलामा, हजार रुपये, असलं काही १०८० ओळींसाठी लागत नाही. हा डिजिटल सिग्नल आहे, वायर बरी असेल तर चित्र जसंच्या तसं पोहोचतं आणि खराब असेल तर ठिपके उडतात किंवा पडदा काळा होतो. महाग वायरीनं रंग खुलत नाहीत. लावल्यावर दोन ठिकाणी बघा. बॉक्सच्या मेनूत चित्राचा आकार ५७६ किंवा ७२० वर ठेवलेला असेल तर तो १०८० आय, ५० हर्ट्झ करा. आपल्या बहुतेक एचडी वाहिन्या तशाच येतात. मग टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबून तोच आकडा टीव्ही दाखवतोय का ते तपासा. टीव्हीतही ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असा पर्याय असतो. तो चालू नसेल तर टीव्ही चित्राच्या कडा कापून ते ताणतो आणि सगळी मेहनत वाया जाते. चकचकीत ‘व्हिविड’ रंग आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय मी बंद केली. चेहरे माणसांसारखे दिसायला लागले.

बॉक्स बंद कपाटात ठेवू नका. मे महिन्यात आपल्या खोलीचंच तापमान काय असतं ते सांगायला नको, त्यात बॉक्स तापला की अडकत चालतो.

खर्चाचं थोडक्यात. २०१९ पासून वाहिन्या सुट्या निवडता येतात. त्या वेळच्या नियमात एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी मोजली जायची. नेटवर्क शुल्कावर (वाहिन्यांच्या किमतीखेरीज जोडणीसाठी दरमहा द्यायचे पैसे) आधी १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्राय या नियामक संस्थेनं ती कंपन्यांवर सोडली, त्यामुळे हा आकडा विचारून घ्या. आपल्या यादीत एकच वाहिनी साधी आणि एचडी अशी दोनदा आलेली असू शकते. साधी काढून टाका. आमच्या यादीतून तशा वाहिन्या आणि कुणी न बघणारे खेळांचे चॅनेल काढल्यावर महिन्याचं बिल चांगलंच उतरलं. महिन्याचे पैसेच भरायचे नसतील तर फ्री डिश आहे, सह्याद्री त्यावर दिसतं, पण तिथल्या बहुतेक वाहिन्या साध्या आहेत. एचडीसाठी म्हणून ती घेऊ नये.

आता फायबर. ओटीटीवरच्या मालिका आणि सिनेमे यांचं चित्र आमच्या घरात सगळ्यात चांगलं येतं, केबलपेक्षा कितीतरी आणि छत्रीपेक्षाही थोडं सरस. १०८० साठी ५ एमबीपीएस पुरतो, त्यामुळे सर्वांत लहान प्लॅनही चालतो. अडचण वेगाची नसते, वायफायची असते. राउटर खालच्या मजल्यावर, टीव्ही वर, मध्ये स्लॅब; रात्री नऊला गल्लीतल्या सगळ्यांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करतात आणि चित्र धूसर होतं. आम्ही राउटरपासून कॅट-६ ही नेटवर्कची वायर ओढून टीव्हीला थेट जोडली. टीव्हीचं ते पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, पण इथे तेवढं भरपूर. वीज गेली तरी राउटर इन्व्हर्टरवर असल्यानं आमचं फायबर चालू राहतं, कारण मधल्या काचेच्या तंतूला वीज लागत नाही.

क्रिकेट मात्र मी इंटरनेटवर बघू देत नाही. थेट सामना तिथे अर्धा मिनिट तरी मागे असतो. समोरच्या घरातून आरडाओरडा आधी येतो, आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावायला सुरुवात करतोय. छत्रीवर तो आनंद वेळेवर मिळतो.

४के बद्दल बरेच जण विचारतात. ४३ इंची पडदा साडेपाच फुटांपेक्षा लांबून बघत असाल तर १०८० च्या पुढचे बारकावे साध्या चांगल्या डोळ्यांनाही वेगळे दिसत नाहीत. आमचा सोफा आठ फुटांवर आहे.

कुणी काय घ्यावं? एकमजली, पत्र्याचं घर आणि छत्रीला पक्की जागा नाही, किंवा अपार्टमेंटमध्ये उत्तरेकडच्या बाजूचा फ्लॅट आणि गच्ची वापरू देत नाहीत, तर केबलचाच एचडी बॉक्स घ्या, एचडीएमआयनं लावून घ्या आणि आपल्या वाहिन्यांसाठी त्याच्या मागे लागा. शहराच्या पूर्वभागात तेलुगू वाहिन्यांचे ग्राहक भरपूर, तिथल्या केबलवाल्याकडे त्या एचडीत मिळण्याची शक्यता आमच्यापेक्षा जास्त. आधी विचारून बघा. घरात फक्त तरुण मंडळी आणि थेट सामन्यांचा नाद नसेल तर एकटं फायबरही चालेल. घरात म्हातारी माणसं असतील तर मात्र नंबर दाबून वाहिनी लावता येणारा रिमोट हवाच. सासूबाईंना ओटीटीच्या चौकटींमधून आपली मालिका शोधायला लावणं मला पटत नाही. त्यांच्या तिन्ही कन्नड वाहिन्या मी बॉक्सच्या आवडत्या यादीत पहिल्या तीन जागी लावून दिल्यात.

केबलची जोडणी आम्ही सध्या बंद केलीय, पण वायर भिंतीत तशीच ठेवलीय. पौष आला की संक्रांतीपुरता महिनाभर ती पुन्हा सुरू करून घेणार आहे. आमचा केबलवाला एका महिन्याचे पैसे घेऊन तेवढं करायला तयार आहे.