‘हे काय घरकुल नाय, मालक!’

२०२४ च्या पाडव्याला गृहप्रवेश केला आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये घड्याळ लावायला खिळा घेतला. एक ठोका घातला, खिळा निम्मा आत. दुसऱ्याची गरजच पडली नाही, अंगठ्याने दाबला तरी गेला. उपसून काढला तर मागोमाग वाळूची धार लागली, साखरेच्या पुड्याला भोक पडावं तशी. बायको म्हणाली, जरा बाजूला ठोका. बाजूलाही तेच. तेव्हा दोघं हसलो होतो.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशोब लिहितो. दुसऱ्याच्या ताळेबंदात बारा रुपयांचा फरक आला तर मला जेवण जात नाही, आणि स्वतःचे १८ लाख ६० हजार मी डोळे मिटून दिले. प्रकरण चालू आहे म्हणून बिल्डरचं आणि इमारतीचं नाव लिहीत नाही. हद्दवाढ भागात आहे एवढं पुरे.

आधी आमच्या आईचं घर सांगतो, कारण फसवणुकीचं मूळ तिथं आहे. आईने जन्मभर विड्या वळल्या. वडिलांच्या नावच्या जागेवर २०१९ मध्ये पंतप्रधान आवास योजनेतून तिचं घरकुल झालं. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, वरचे तिने साठवलेले. चटई क्षेत्र ३० चौरस मीटरच्या आत, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूटही नाही. दोन पोरं, आम्ही दोघं आणि आई. रात्री कुणाला उठायचं झालं तर पाय कुठं टाकायचा याचा विचार करावा लागे. त्यात पोराला शाळेत कुणी ‘घरकुलवाले’ म्हटलं. ते बायकोच्या जिव्हारी लागलं.

बिल्डरला हे बरोबर कळलं होतं. पहिल्या भेटीत त्याने विचारलं, सध्या कुठं राहता? मी सांगितलं. माणूस खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, “मग फरक तुम्हालाच कळंल. हे काय घरकुल नाय, मालक. प्रायव्हेट काम हाय. सरकारी कामात ठेकेदार खातो, इंजिनिअर खातो. इथं मीच मालक, मीच इंजिनिअर.” मला ते इतकं पटलं की मी मान डोलावली. आज त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळतो. त्याच्यावर बघणारं कुणी नव्हतं, असंच तो सांगत होता.

आईच्या घराला बघणारे होते. तिचे पैसे हप्त्याने यायचे आणि हप्ता टप्प्याचा फोटो चढल्याशिवाय सुटायचा नाही. जोतं झालं, फोटो. दार-खिडकीवरचं लिंटेल झालं, फोटो. स्लॅब पडला, फोटो. एक पोरगेलासा अभियंता मोबाईल घेऊन उन्हात उभा राहायचा आणि जागेच्या खुणेसकट फोटो काढायचा. एकदा जोत्याचं काम अर्धवट होतं तर तो फोटो न काढताच गाडीला किक मारून गेला. आईने त्याला आठवडाभर शिव्या घातल्या. त्या आठवड्यात मिस्त्रीने जोतं पुरं केलं. स्लॅब पडल्यावर आईने त्यावर मातीची आळी घातली आणि दोन आठवडे पाणी भरून ठेवलं. तेव्हा आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, पण ती म्हणायची, पोरं एक दिवस आंघोळ करणार नाहीत, स्लॅब प्यायला पाहिजे. सरकारी घरं सगळी चांगलीच असतात असं माझं म्हणणं नाही, गळणारी घरकुलंही मी पाहिलीत. पण योजनेत दर्जा तपासायला त्रयस्थ संस्था नेमायची तरतूद आहे. काम वाईट निघालं तर निदान बोट दाखवायला कुणीतरी असतं. तिकडे कुंभारीला रे नगरात याच योजनेतून ३० हजार घरांची वसाहत उठली, त्यातल्या पहिल्या १५ हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. तेव्हा टीव्हीसमोर बसून मी आईला म्हणालो होतो, आपण त्यातून सुटलो बघ.

पैसे कसे दिले ते जरा सविस्तर लिहितो, कारण तिथंच पाय घसरतो. २०२२ च्या दसऱ्याला ५१ हजार टोकन. दिवाळीनंतर ४ लाख, त्यातले निम्मे रोख. बदल्यात शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद, त्याला तो साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, म्हणायचा. नोंदणीचं विचारलं तर, “सगळ्यांची एकदम करू, तुमचाच खर्च वाचतोय.” रेरा, म्हणजे बिल्डरांवर वचक ठेवणारा स्थावर संपदा कायदा, त्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे: करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. मी चोवीस टक्के देऊन बसलो होतो. टक्केवारी काढायचाच माझा धंदा!

बँकेत कर्जासाठी गेलो तर त्यांनी मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, जागेच्या मालकीचा शोध अहवाल अशी यादी हातात दिली. बिल्डर म्हणाला, बँकवाले उगं छळतात, पतसंस्थेत आपली ओळख हाय. पतसंस्थेने दोन जामीनदार आणि पगाराची स्लिप घेऊन ९ लाख दिले, तेही तेरा टक्क्याने. त्या वेळी मला बँक अडवणूक करतेय असं वाटलं. खरं तर माझ्या बाजूने प्रश्न विचारणारं सबंध व्यवहारात तेवढं एकच टेबल होतं, आणि मी त्यालाच टाळून पुढं गेलो. उरलेल्यात माझा पीएफ आणि बायकोच्या पाटल्या गेल्या.

रेरा नंबर मी विचारला होता, अगदीच अडाणी नाही. उत्तर आलं, “छोट्या कामाला रेरा लागत नाय, मालक. कायद्यातच हाय.” आणि ते खरं आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही. आमच्या इमारतीत आठच फ्लॅट. पण शेजारी खेटून तशीच दुसरी इमारत, तिच्यातही आठ. दोन्हींचा जिना एक, बोअर एक, पाण्याची टाकी एक. कागदावर दोन प्लॉट, दोन प्रकल्प. कायदा मात्र सगळे टप्पे धरून मोजायला सांगतो. हे मला वकिलाने कागदावर जिन्याचं चित्र काढून समजावलं, तोवर जवळजवळ दोन वर्षं त्याच जिन्याने मी चढत-उतरत होतो.

मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. बिल्डरला फोन केला. “नवीन घर हाय, बसतंय.” एक पोरगा पुट्टीची पिशवी घेऊन आला, भेग भरून गेला. आठवड्यात पुन्हा उघडली. शेवटी आईचं घर बांधणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ते सत्तरीला आलेत, आम्ही काका म्हणतो. काकांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि भेगेत उभं सरकवलं. गेलं आत. म्हणाले, ऑगस्टमध्ये परत बघू. पाऊस पडून गेल्यावर ऑगस्टमध्ये तेच नाणं लावलं तर कडसुद्धा शिरेना.

“खाली काळी माती हाय,” काका म्हणाले. “उन्हाळ्यात आ वासती, पावसाळ्यात फुगती. मुरूम लागंपर्यंत खांदायला पाहिजे, नायतर घर झोपाळ्यावर बसवल्यागत व्हतं.” जोत्याशी हातभर खड्डा घेऊन त्यांनी दाखवलं, पाया काळ्या मातीतच टेकलेला. प्लास्टरचं त्यांनी एका वाक्यात सांगितलं: सिमेंट कमी आणि पाणी मारलेलंच नाही. आई तिथं उभी होती. मला म्हणाली, “येवढ्या मोठ्या घराला पैसे घालू लालतास, तवा जोतं बघायला एक दिस तरी गेलतास का?” नव्हतो गेलो. इंजिनिअर उन्हात उभा राहतो म्हणून त्याला हसणारा मी, एकदाही रजा काढली नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला त्या पावसात बेडरूमचं छत ओलं झालं, मग काळं. त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. लेस्टरला असलेल्या मावसभावाने लिहिलं की इंग्लंडमध्ये ऑक्टोबरपासून कायदा लागू झालाय: कौन्सिल (तिथली नगरपालिका) किंवा ना-नफा गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरात ओल-बुरशीचा मोठा धोका असेल तर १० कामाच्या दिवसांत तपासणी, आणि जीवावरचा असेल तर २४ तासांत बंदोबस्त. मी म्हटलं, मजा आहे तुझी. तो म्हणाला, माझी कसली? मी खाजगी भाडेकरू, माझ्यापर्यंत तो नियम अजून पोचायचाय. म्हणजे तिकडेही स्वतःच्या पैशाने ऐटीत राहणारा रांगेत मागेच.

आमच्या मजल्यावर समोर एका दवाखान्यात काम करणाऱ्या ताई राहतात, मंगळवेढ्याच्या. फ्लॅट पुण्यातल्या माणसाचा, ताई ११ महिन्यांच्या करारावर. त्यांच्या भिंतीला तर पापुद्रे सुटलेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकाने करायची. नोटीस देऊन किमान १५ दिवसांत केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. मी उत्साहाने त्यांना हे सांगायला गेलो. त्यांनी करार दाखवला. त्यात भाडेकरू हा शब्दच नाही, ‘परवानाधारक’ आहे. शिवाय ‘सर्व किरकोळ-मोठी दुरुस्ती परवानाधारकाकडे’ असं कलम. कायद्यातला हक्क ‘उलट करार नसेल तर’ आणि तोही भाडेकरूचा. मालक फोनवर म्हणाला, जमत नसेल तर सोडा. एकच बरं निघालं. करार नोंदवलेला नव्हता. नोंदवायची जबाबदारी मालकाची असते आणि नोंद नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं आधी खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. वकिलाने हे पत्रात घातल्यावर मालकाने निदान अनामत परत द्यायचं कबूल केलं. ताई घर शोधताहेत.

माझं घर कुणाला विकून सुटता येत नाही. इमारत राहायला योग्य असल्याचा वापर परवाना नाही, तो नसताना चावी घेतली हाही माझाच गाढवपणा. रेरात नोंदवलेलं घर असतं तर ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला की ३० दिवसांत बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा, तक्रारीची फी ५ हजार. सध्या नोंदणीच टाळली म्हणून महारेराला, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाला, वेगळं कळवलंय, जिन्याचे फोटो जोडून. आणि डिसेंबरात जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. तिथं दोन वर्षांची मुदत असते, माझे चारच महिने उरले होते. बिल्डरने “बसतंय, बसतंय” म्हणत वीस महिने खाल्ले ते उगाच नव्हे. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका, पहिल्या भेगेलाच तारीख टाकून लेखी द्या, पोच घ्या. माझ्याकडे पहिल्या वर्षाचा पुरावा म्हणून आहे काय, तर कॉल लॉग आणि काकांच्या नाण्याचा एक फोटो.

हे सगळं आता लिहायचं कारण असं. परवा कामावरून येताना आमच्याच रस्त्याला तिसरं जोतं उठलेलं दिसलं. थांबून फलक वाचला. २०२३ च्या ऑगस्टपासून नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत रेरा नंबरसोबत क्यूआर कोडही छापावा लागतो. फलकावर दोन्ही नव्हतं. आठ फ्लॅटचं चित्र होतं आणि खाली बुकिंगसाठी तोच फोन नंबर. एक जोडपं आत उभं होतं, बाईच्या कडेवर लहान पोर. मी गाडी लावून त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, खाली मुरूम लागलाय का बघितलंत? नवरा म्हणाला, तुम्ही कोण?